फेअरफॅक्स काउंटीचा धनुष्यबाणाने हरीण-शिकारीचा कार्यक्रम : एका रहिवाशाचा अभिप्राय

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) उद्यानांत हरीण-शिकारीची सूचना देणाऱ्या नारिंगी पाट्या लागतात आणि इथल्या मराठी घरांत तोच प्रश्न पुन्हा निघतो : जिथे मुले सायकल चालवतात तिथे शिकारीला परवानगी कशी? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली असल्यामुळे आपल्याला हा धक्का बसणे स्वाभाविक आहे, आणि मलाही तो बसला होता. नियम नीट वाचल्यावर मात्र माझे मत बदलले.

येथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांना नैसर्गिक शत्रू जवळजवळ उरलेला नाही. त्यांनी जंगलातील कोवळी रोपे खाऊन टाकल्यामुळे नवी झाडे उभीच राहत नाहीत, आणि गाड्यांना होणाऱ्या धडका हा तर प्रत्येक शरद ऋतूतला अनुभव आहे. २०१० च्या आर्थिक वर्षात सुरू झालेला हा कार्यक्रम फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि त्या काळातही उद्याने सर्वांसाठी खुली राहतात.

मला सर्वांत अधिक भावली ती निवडीची कडक पद्धत. राज्याचा शिकार परवाना, हरणासाठीचा वेगळा परवाना आणि धनुष्यबाणाचा परवाना एवढ्यावर इथे भागत नाही. शिकाऱ्याने सुरक्षा-प्रशिक्षण घेतलेले असावे लागते, नेमबाजीची चाचणी द्यावी लागते आणि त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमीही तपासली जाते. बाण मचाणावरूनच सोडायचा असतो, त्यामुळे त्याची दिशा जमिनीकडे राहते, आणि ही मचाणे पायवाटेपासून किमान ५० फूट व खासगी हद्दीपासून १०० फूट दूर असावी लागतात. राज्याने १९५९ पासून शिकारीतील दुखापतींची नोंद ठेवली आहे आणि हरणाच्या शिकाऱ्याच्या बाणाने वाटसरू जखमी झाल्याची नोंद तीत नाही, असे काउंटी सांगते. लहान मुले असलेल्या पालकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

उणीव आहे ती नियमांच्या गुंतागुंतीत. राज्याच्या ‘अर्बन आर्चरी’ (शहरी भागातील धनुष्यबाण-शिकारीच्या) हंगामात फक्त शिंगे नसलेली हरणे, म्हणजे मुख्यतः माद्या, मारता येतात, तर नेहमीच्या हंगामात या भागात एकापेक्षा अधिक नर मारायचे असतील तर आधी ठरावीक संख्येने शिंगे नसलेली हरणे मारावी लागतात. कळपाची वाढ माद्यांवर अवलंबून असल्याने हा नियम अगदी योग्य आहे, पण नवख्या माणसाला दोन हंगाम, दोन नियम आणि त्यावर काउंटीच्या स्वतःच्या अटी यांचा मेळ घालणे अवघड जाते. शिवाय फेअरफॅक्स शहर हे प्रशासकीयदृष्ट्या काउंटीपासून वेगळे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. हे सारे एकाच पानावर सोप्या तक्त्यात मांडले जावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

शिकारीचे मांस गरजूंसाठी दान करण्याची सोय राज्यात आहे, आणि ज्यांच्या घरी ते शिजणार नाही अशा शिकाऱ्यांनी तिचा उपयोग अवश्य करावा.