हाउसेस ऑफ गोवा, तोर्डा: खिडक्यांसाठी तरी जायलाच हवं

पणजीहून मांडवी पूल ओलांडून पर्वरी गाठायची आणि साल्वादोर दु मुंदच्या रस्त्याला लागायचं. तोर्ड्यात, रस्त्यांच्या बेचक्यातल्या तिकोनी तुकड्यावर जहाजासारखी इमारत दिसते. हेच वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांचं, गोव्यातल्या घरांवरचं संग्रहालय. जागाच चिंचोळी, म्हणून दालनं एकावर एक आणि वर जायला अरुंद गोल जिना. गुडघे कुरकुरत असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

आत जुनी दारं, कठडे, फरशा, कौलं, घरांचे नकाशे, छायाचित्रं. सगळं सारख्याच वेगाने पाहू नका. वेळ खिडक्यांना द्या. काच महाग होती तेव्हा गोव्यात शिंपल्यांची तावदानं बसवत. चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. उजेड मऊ होऊन आत येतो, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. शिंपला सहसा टिकतो, आधी कुजते ती पट्टी: पावसाने खाच सैल झाली की शिंपले निसटतात. मग लोक सरळ काच बसवतात आणि दुपारी खोलीत डोळे दिपायला लागतात. पट्टी तेवढी बदलली तरी बऱ्याचदा काम भागतं.

भिंतींचंही तसंच. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवेत कडक होतो, पण सच्छिद्रच राहतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. वर सिमेंट थापलं की ती आत अडकते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. जुन्या घराची डागडुजी काढलेल्यांनी हे ध्यानात ठेवूनच इथले नमुने पाहावेत.

नकाशे पाहताना हिंदू घर आणि ख्रिस्ती घर शेजारी ठेवून पाहा. पहिलं राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या उघड्या अंगणाभोवती, तुळशीकडे तोंड करून. दुसरं रस्त्याकडे वळलेलं, पुढे बल्कांव, म्हणजे दारापुढची छपराखालची ओसरी, आणि त्यात समोरासमोर सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. अर्थात दोन्हींची सरमिसळही भरपूर आहे.

मोठी उणीव एक: सुटा कठडा किंवा भिंतीवरची खिडकी पाहून घराची हवा, उजेड, पागोळ्या कळत नाहीत. माहितीही मुख्यतः इंग्रजीत. म्हणून आधी इथे या आणि नंतर दक्षिण गोव्यात चांदरला अजून उभं असलेलं मिनेझिस ब्रागांझा घर बघा, उलट क्रमाने नको. सोमवार टाळा, आणि वेळ व तिकीट निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.