निर्गुडीच्या नावाखाली २४,००० ला लुटलं, चिपळूणला गुडघे दाखवायला येणाऱ्यांनी वाचा

घरातलं गुडघेदुखीचं माणूस घेऊन चिपळूणला डॉक्टरकडे येत असाल तर हे वाचाच. आमचे २४,००० गेले आणि आईच्या तब्येतीची वाट लागली ती वेगळी.

पद्धत तीच, तुम्ही ऐकलेली. दवाखान्यातून बाहेर पडलो, आई लंगडत होती, एक बऱ्या घरचा वाटणारा माणूस आपणहून थांबला, माझ्या आईचे गुडघे पण असेच सुजायचे, एका वैद्यांनी निर्गुडीचं औषध दिलं, आता जिना चढते वगैरे. एक रुपया मागितला नाही, दुकान दाखवलं नि गेला. निर्गुडी म्हटल्यावर आईचा विश्वास बसला, कारण भाताच्या लावणीत कंबर धरली की निर्गुडीचा पाला उकळून शेक घ्यायचा हे आमच्याकडे घरोघरी चालतं. दुकानात पाटीवर नुसतं ३८०. आम्हाला वाटलं पुडीचा भाव. बरण्यांतून कायकाय काढून मिक्सरला दळलं आणि मग सांगतात ३८० ग्रॅमचा भाव, ६० ग्रॅमचे २२,८००, तेलाचे १,२००, दळलेलं परत घेत नाही.

तिथेच उठायला हवं होतं, मलाही कळतं हो. जी बांधावर फुकट उगवते, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपण कुंपणाला लावतो ती निर्गुडी ३८० रुपये ग्रॅम? पुडीला तिचा उग्र वास पण नव्हता! पण आई रात्र रात्र झोपत नव्हती, ती म्हणाली घे रे बाबा, त्यात दारात तिघं उभे, अशा वेळी कोण हुज्जत घालेल? ९,००० फोनवरून दिले, खातं दुकानाच्या नावाचं नव्हतंच, १५,००० एटीएममधून काढून आणले. बिल म्हणून वहीचं पान.

आणि गुण आला, हेच सगळ्यात वाईट. दुखणं झटक्यात गायब, आई खूश. झाडपाल्याचा गुण इतक्या झटपट येत नाही, असं झालं तर आधी घाबरा. मग तोंड सुजलं, शुगर ३४०. डॉक्टर म्हणाले यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. अशी पुडी कोणी बरेच दिवस घेत असेल तर मनानं एकदम बंद पण करू नका, स्टिरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरला पुडी दाखवून हळूहळू कमी करायचं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात म्हणे पैसे तुम्ही स्वतः दिलेत, जबरदस्ती कुठे झाली? औषधांचं बघणाऱ्या ऑफिसात म्हणे पुडी फोडलेली आहे, लेबल नाही, बिल नाही, आम्ही काय तपासणार. अहो लेबल नाही हीच तर तक्रार आहे ना! आयुर्वेदिक औषधावर परवाना नंबर, बॅच नंबर लागतो हा कायदाच आहे, मग बिनलेबलचं विकणाऱ्याला सोडून मलाच कागद मागता? साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, अर्जावर शिक्का मारून घ्यायला अर्धा दिवस. तोवर दुकानाला कुलूप, मालक म्हणतो भाडेकरू गेला. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे, तो वापरायचा कोणी आणि कधी?

दळायच्या आधी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर केला की पैसे पुढे सरकतात. ग्राहक तक्रारीला १९१५. पुडी फेकू नका, दुकानाचा, पाटीचा फोटो काढा.

खेड, गुहागर, संगमेश्वर कुठलेही असा, ज्यांच्याकडे असलं वहीचं पान पडलेलं असेल त्यांनी लाज न बाळगता पुढे या. पाच-दहा जणांचे अर्ज एकदम टेबलावर पडले तर साहेबांना मीटिंग सोडून खाली यावंच लागेल.