बाबासाहेबांचं चरित्र घ्यायचंय, पण कुठलं? कीर, खैरमोडे, माईसाहेब आणि बाकीचे

एप्रिल आला की, नाहीतर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहिलं की हा प्रश्न हमखास कानावर येतो: बाबासाहेबांवर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कुठलं घेऊ? समोर ढीगच्या ढीग असतात, कव्हरवर तोच निळा कोट आणि चष्मा, त्यामुळे आत किती वेगवेगळा माल आहे ते बाहेरून कळतच नाही. माझं मत आधीच सांगतो, पुस्तकाची जाडी आणि किंमत नंतर बघा, लिहिणारा माणूस बाबासाहेबांपासून किती अंतरावर उभा होता ते आधी बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

धनंजय कीर यांचं चरित्र सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं. इंग्रजी आवृत्ती १९५४ ची, म्हणजे बाबासाहेब हयात असताना आलेली, धर्मांतर आणि महापरिनिर्वाण पुढच्या आवृत्तीत जोडलं गेलं, आणि मराठी आवृत्ती १९६६ ची. कीर चळवळीतले कार्यकर्ते नव्हते, त्यांनी सावरकर, टिळक, फुले, शाहू महाराज अशी बरीच चरित्रं लिहिली, त्यामुळे हात बसलेला आहे. काळ सरळ पुढे जातो, कधी काय झालं यात कुठेही गोंधळ होत नाही. महाडचंच घ्या. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं रांगेने चवदार तळ्यावर जातात, पाणी पितात, मग गावात अफवा उठते की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, मांडवात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला होतो, आणि नंतर गावकरी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतात. हे सगळं कीर असं सांगतात की पुस्तक खाली ठेववत नाही. कमी कुठे पडतं तर विचारांत. गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान सभा या घटना नीट कळतात पण बाबासाहेब त्या मताला का आले, आधी काय म्हणत होते आणि नंतर का बदलले, बुद्धापर्यंतची वाट कशी तयार होत गेली, हे शोधायला गेलात तर कीर घाईत पुढे निघून जातात.

खैरमोडे म्हणजे अगदी दुसरं टोक. चांगदेव भवानराव खैरमोडे विद्यार्थी असल्यापासून बाबासाहेबांच्या सहवासात होते, पहिला खंड १९५२ चा, आणि एकूण खंड दहाच्या वर, त्यातले बरेचसे ते १९७१ साली गेल्यानंतर त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या खटपटीने बाहेर आले. पत्रं, भाषणं, ठराव, वर्तमानपत्रातले मजकूर, विरोधकांनी काय लिहिलं तेसुद्धा, सगळं जसंच्या तसं. एका बैठकीत वाचायचं हे पुस्तकच नव्हे, गोष्ट मध्येच थांबते आणि पानंच्या पानं कागदपत्रं सुरू होतात. पण त्या माणसाने हे जमवलं नसतं तर यातलं कितीतरी कायमचं गेलं असतं, आणि आज जो कोणी बाबासाहेबांवर गंभीरपणे लिहितो त्याला खैरमोड्यांच्या दारात जावंच लागतं. पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. भाषण द्यायचंय, एमए-पीएचडी करताय, किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारं एखादं वाक्य खरंच बाबासाहेबांचं आहे का ते तपासायचंय, तर मात्र याला पर्याय नाही. सेट परवडत नसेल तर वाचनालयात बघा.

माईसाहेब म्हणजे बाबासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर. त्यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' १९९० साली आलं. लग्न १५ एप्रिल १९४८ चं, म्हणजे शेवटची आठ-साडेआठ वर्षं, पण ती वर्षं कुठली तर संविधान, हिंदू कोड बिल, राजीनामा, दीक्षा आणि बुद्धावरचा ग्रंथ. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्यामुळे डायबेटीस, पायदुखी, पथ्य, झोप हे सगळं त्या डॉक्टरच्या नजरेने लिहितात, आणि असं शरीर घेऊन या माणसाने एवढं काम कसं रेटलं याचा अंदाज मला तरी याच पुस्तकातून आला. आता एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. बाबासाहेब गेल्यावर चळवळीतल्याच काही लोकांनी माईंवर संशय घेतला, त्यांना वर्षानुवर्षं बाजूला ठेवलं, आणि हे पुस्तक त्याचं उत्तरही आहे, त्यामुळे काही माणसांबद्दल त्या तिखट लिहितात. ती त्यांची बाजू आहे, आणि मला वाटतं ती ऐकून घेणं आपण त्यांचं देणं लागतो. १९४८ आधीचं मात्र यात ओझरतंच आहे, म्हणून कीर वाचल्यानंतरच घ्या.

इंग्रजीची अडचण नसेल तर अशोक गोपाळ यांचं 'अ पार्ट अपार्ट' (२०२३). विचारांच्या बाबतीत कीर जिथे कमी पडतात तिथे हे भरून काढतं, आणि 'बहिष्कृत भारत', 'जनता' या बाबासाहेबांच्या पत्रांमधलं मराठी लिखाण त्यांनी खरोखर वाचून वापरलंय, जे इंग्रजीत लिहिणारे बरेच जण करतच नाहीत. जाडजूड आहे, दोन-तीन महिने धरून चाला. एवढा वेळ नसेल तर गेल ऑम्वेट यांचं छोटं चरित्र. परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या पोरांना मी तेच देईन.

आणि ही सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली. बाबासाहेबांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहिलं, त्यातलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' जेमतेम वीसेक पानांचं, महाराष्ट्र शासनाने त्यांचं लेखन आणि भाषणं ज्या इंग्रजी खंडांत काढली त्यातल्या १२ व्या खंडात आहे, नेटवरही फुकट मिळतं. नऊ-दहा वर्षांचा भीमा भावंडांबरोबर वडिलांकडे निघालाय, मसूर स्टेशनवर उतरलाय, कपडे चांगले म्हणून स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि महाराची मुलं आहेत कळताच मागे सरतो. गाडीवान कोणी न्यायला तयार नाही, शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा आहे पण प्यायला पाणी नाही म्हणून रात्रभर उपाशी. यात कुठेही आवाज चढलेला नाही. हे आधी वाचा, मग कुठलंही चरित्र उघडा.

वारशाबद्दल वाचायचं असेल, म्हणजे एका माणसामुळे बाकीच्यांच्या आयुष्यात काय हललं ते, तर चरित्रांतून ते कळत नाही. त्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' घ्या. चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी बसून घेतलेल्या मुलाखती आहेत, आणि महाड, नाशिक, १९४२ ची नागपूरची महिला परिषद या ठिकाणी ज्या बायका चरित्रात नुसत्या 'स्त्रियाही मोठ्या संख्येने हजर होत्या' एवढ्यावर उरतात त्या इथे नावानिशी बोलतात. सोबत वसंत मून यांचं 'वस्ती', नागपुरातल्या एका महारवस्तीत आंबेडकरी चळवळ रोजच्या जगण्यात कशी शिरली ते सांगणारं. हेच मून पुढे शासनाच्या इंग्रजी खंडांचे संपादक झाले, पहिला खंड १९७९ चा.

तर बजेट एकाच पुस्तकाचं असेल तर कीर, मराठी आवृत्ती. दोन परवडत असतील तर लोक सहसा दुसरं चरित्रच उचलतात, तसं करू नका, कीर आणि 'आम्हीही इतिहास घडवला' अशी जोडी घ्या. कीर आधीच वाचून झालं असेल तर माईसाहेब, आणि त्यानंतरही प्रश्न उरलेच तर गोपाळ. शासनाचे खंड स्वस्त आहेत पण हवा तो खंड हवा तेव्हा मिळेलच असं नाही, त्यामुळे कुठे दिसला तर तेव्हाच घेऊन टाका.