दर चौरस फुटाचा, लूट पायाची

कोल्हापूर परिसरात घर बांधायला काढणाऱ्यांनी, त्यातही ज्यांचा प्लॉट नदीकडच्या काळ्या रानात आहे त्यांनी, हे पूर्ण वाचावं. माझ्या ताई-दाजींना ज्या ठेकेदारानं लुबाडलं, तो अजून कामं घेतोय.

प्लॉट फुलेवाडीच्या पुढे, पूर्वी ऊस असायचा त्या जमिनीत. खाली सहाशे, वर पाचशे, असं अकराशे चौरस फुटांचं घर. इतर ठेकेदार चौरस फुटाला १,९०० रुपयांच्या आसपास सांगत होते. यानं १,४५० सांगितला, म्हणजे १५ लाख ९५ हजार. तेव्हा आरसीसीचे (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे) नकाशे तयार नव्हते, मातीची तपासणी झालेली नव्हती. "काका, मटेरियलसकट दर आहे. एकदा ठरलं की ठरलं, वर एक रुपया मागणार नाही," असं तो सगळ्यांसमोर बोलला. कागदावर मात्र क्षेत्रफळ, दर आणि बेरीज, एवढंच. पाया किती खोल, जोतं (जमिनीपासून फरशीपर्यंतचा चौथरा) किती उंच, सळई किती, यातलं काहीही नाही. इसार म्हणून तीन लाख घेऊन गेला.

खड्डे खणले आणि खरा खेळ सुरू झाला. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर साधा पाया ठेवता येत नाही, खाली मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जावं लागतं. इथं आठ फूट जावं लागलं. "मी चारच फूट धरले होते, जादा पाया वेगळा," म्हणाला. मग जोत्यात घालायची मुरमाची भर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. या बाजूला जोतं उंच घ्यावं लागतं हे शेंबडं पोरही सांगेल. याच्या मते मात्र ही भरही दरात नव्हती.

आणि हे सगळं काढलं कधी? पावसाच्या तोंडावर. काळ्या रानात उघडे खड्डे, पाऊस आला की कडा ढासळणार. दाजी निवृत्त माणूस, फंडाचे पैसे घातलेले. पैसे दिल्याशिवाय त्यांच्यापुढे मार्ग ठेवलाच नव्हता. माझ्या मते हीच त्याची मुख्य चाल होती.

मी बिलं घेऊन बसलो. मुरूम ४० ब्रास लावला होता. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सहाशे चौरस फुटांत तीन फूट भर म्हणजे १,८०० घनफूट, १८ ब्रास. धुमसानं ठोकून मुरूम दबतो, म्हणून सुटा बावीस-तेवीस ब्रास धरू. चाळीस कुठून आला? सळईचंही तसंच. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, १२ मीटरची अख्खी सळई साधारण १०.६५ किलो. याच्या बिलात प्रत्येक सळई १२ किलो. (मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे मीटरमागचं किलोतलं वजन काढायचं सूत्र प्रत्येकानं लिहून ठेवावं.) शेवटी हिशेबात अकराशेच्या जागी १,२९० चौरस फूट धरले, कारण अजून न बांधलेले छज्जे आणि जिन्यावरची खोलीही पूर्ण दरानं मोजली. एवढ्यातच पावणेतीन लाख वाढले.

हा अंदाज चुकला असं कुणी म्हणेल. नकाशे व्हायच्या आधीचा आकडा मोघमच असतो, हे मला मान्य आहे. पण दोन प्लॉट सोडून असलेलं घर यानंच आदल्या वर्षी बांधलं होतं. तिथंही आठ फूटच पाया गेला होता. त्या मालकांनी आपलं बिल काढून दाखवलं. तीच वही, तेच अक्षर, तोच शब्द: "जादा पाया". म्हणजे चार फुटांवर भागणार नाही हे त्याला दर सांगतानाच ठाऊक होतं. पैसे घेताना आकडा पक्का आणि बिल लावताना कच्चा, ही चूक नाही, फसवणूक आहे.

पहिल्या स्लॅबच्या आधी तो काम टाकून गेला. पुढचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडून चाललंय. त्याच्याकडून आधी बाबवार अंदाजपत्रक घेतलं: खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फूटिंग (खांबाचा पाया), भर, वीटकाम, गिलावा, प्रत्येकाचं परिमाण आणि दर वेगळा. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड हेही त्यात. खोली वाढली तर घनमीटरला किती, ते आधीच लिहून घेतलं. मोजमाप कुठून कुठवर धरायचं तेही. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहिले. मुरमाचा ट्रक खाली होण्याआधी त्याच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची टेपनं घेतो आणि वहीत ड्रायव्हरची सही.

तुमचं असं झालं असेल तर गप्प बसू नका. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तो पहिला एकपानी कागद, इसाराची पावती, मोबाइलवरचे निरोप, खड्ड्यांचे टेप लावलेले फोटो, सगळं जपा. आमची तक्रार दाखल होतेय. सोबत त्या शेजारच्या मालकांचं प्रतिज्ञापत्र आणि त्यांचं बिलही जोडतोय.