सॅमसंग गॅलॅक्सी एस24 अल्ट्रा: भर उन्हात
या फोनची उन्हातली खरी जमेची बाजू म्हणजे स्क्रीनवरची गोरिला आर्मर नावाची काच. स्क्रीनचा 2600 निट्सचा (निट म्हणजे उजेडाचं माप) उजेड ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच मिळतो, आणि फोन तापला की तोही उतरतो. गोरिला आर्मर काचेवर मात्र आभाळाचं प्रतिबिंब इतकं फिकं पडतं की हाताचा आडोसा न करता नकाशा वाचता येतो. वरून साधी टेम्पर्ड ग्लास लावली की हा फायदा गेलाच!

5 पट झूमची 50 मेगापिक्सेल लेन्स दिवसा फार सुंदर काम करते. तारेवर बसलेल्या खंड्याच्या पंखावरचं निळं पीस न् पीस सुटं दिसतं. दिवेलागणीला मात्र फोन बऱ्याचदा मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतो, मग पिसं एकमेकांत मिसळतात. माणसाच्या पाठीमागे ऊन असेल तर स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि एक्स्पोजरची (फोटोतल्या उजेडाची) पट्टी थोडी वाढवा.