एकमान पद्धत की स्थिरांक? समचलनाची गणितं कशी सोडवायची

५ वह्या ९० रुपयांना, तर ८ केवढ्याला? एकमान पद्धतीने एका वहीचे १८, आठचे १४४, संपलं. लहानपणापासून डोक्यात बसलेली पद्धत आहे, बाजारहाटात तीच बेस्ट.

पण आठवीत चलनाचा धडा येतो, त्यात समचलन (एक राशी जितक्या पट वाढते तितक्याच पट दुसरीही वाढते) आणि त्याचा न बदलणारा स्थिरांक के, आणि मुलं विचारतात की मग हा के कशाला, आणि खरंय, इथे के म्हणजे तेच १८, वाय = के × एक्स (एक्स वह्या, वाय त्यांची किंमत), फरक काहीच नाही. खरी गंमत पुढे आहे. वरून सोडलेला दगड किती खाली येतो ते वेळेच्या वर्गाशी समचलनात असतं (हवेचा विरोध सोडून द्या). २ सेकंदात साधारण २० मीटर, तर ३ सेकंदात? एकमानवाला पटकन ३० लिहून मोकळा होतो, आणि चुकतो! के वाला आधी समीकरण मांडतो, २० = के × ४, के आला ५, मग ५ × ९ = ४५ मीटर.

म्हणून मी तर म्हणेन सुरुवातीपासूनच के काढायची सवय लावा, दोन ओळी जास्त लागल्या तरी चालतील, कारण नेमकं कशाशी समचलन आहे ते त्या ओळीतच लिहावं लागतं.