घरच्या कॅसेटी डिजिटल केल्या : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

१३२ पैकी ९७ कॅसेट झाल्या, सीड्या तर लॅपटॉपवर केव्हाच उतरवून झाल्या, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळं गोडगोड लिहिलं असतं, कारण तेव्हा वाटत होतं की वायर लावायची आणि बटण दाबायचं, बास.

सुरुवात केली एका छोट्या यूएसबी कॅसेट प्लेअरने. वॉकमनसारखा दिसतो, थेट लॅपटॉपला लागतो. चालतो, नाही असं नाही. पण बासरीचा लांब सूर लागला की तो पाण्यातून आल्यासारखा हलायचा, म्हणजे मोटरची गतीच स्थिर नाही. कॅसेटची टेप सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते, त्यात थोडं मागेपुढे झालं तरी कानाला लगेच कळतं. शिवाय डॉल्बी (टेपची सुसू कमी करणारी सोय) नाही, त्यामुळे डॉल्बी बी, म्हणजे तिचाच एक प्रकार, लावून भरलेल्या टेपा नुसत्या चिरचिरतात. हे सगळं माझ्या लक्षात कधी आलं तर ३० कॅसेट करून झाल्यावर!

मग माळ्यावरचा जुना कॅसेट डेक काढला. उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला, तो खरवडून काढण्यात एक अख्खा रविवार गेला आणि दोन दिवस बोटं काळी. नवा बेल्ट टाकला, हेड (टेपवरचा आवाज वाचतो तो भाग) आणि पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) साफ केले (हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबडने, बड काळा यायचा थांबेपर्यंत), आणि डेकचा लाइन आउट (आवाज बाहेर देणारं भोक) एका साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज लॅपटॉपात घेणाऱ्या डबीला, जोडला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, तिथे बहुतेक वेळा मोनोच जातं आणि खरखर फुकट मिळते.

आता खरी गोष्ट. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीकसा स्क्रू असतो, त्याने हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो, अ‍ॅझिमथ म्हणतात त्याला. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे सूर गायब, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मी आधी समजत होतो की जुनी टेप आहे, आवाज गेलाय, संपलं. एकदा धीर करून हेडफोन लावला, सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनल मोनो केले (मोनोत चूक जास्त स्पष्ट ऐकू येते) आणि स्क्रू केसभर फिरवला. तबल्याच्या चाटीचा कडक आवाज एकदम समोर आला! मी तीन वेळा मागेपुढे करून बघितलं, खरंच वाटेना. सगळ्या खर्चाने जेवढा फरक पडला नाही तेवढा त्या केसभर फिरवण्याने पडला. मूळ जागेची खूण मात्र मार्करने आधी करून ठेवा. आणि घरी भरलेल्या कॅसेटींना हे प्रत्येक वेळी करावं लागतं, कारण कुठली कुठल्या टेपरेकॉर्डरवर भरली ते देवालाच ठाऊक. डॉल्बी लावायचं असेल तर तेही कोन जुळल्यावरच, नाहीतर आवाज आणखी बसतो.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं (शून्याच्या वर गेला की फाटतो). मिनिटाला १७ एमबी वगैरे जातात, ९७ कॅसेट फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर साधारण ७० जीबी झाल्या. एक गूं गूं आवाज काही केल्या जाईना, शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला तर बंद. दोन दिवस मी वायरींना शिव्या घालत होतो.

नॉइज रिडक्शनबद्दल, म्हणजे खरखरीचा नमुना दाखवून सॉफ्टवेअरकडून ती पुसून घेण्याबद्दल, मात्र कळकळीने सांगतो, जपून. एका गायनाच्या कॅसेटवर मी उत्साहाने लावलं, नमुना घेतला गाणं सुरू होण्याआधीच्या शांत भागाचा, म्हणजे मला शांत वाटलेल्या. तिथे तानपुरा चालू होता. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे अख्ख्या कॅसेटमधला तानपुरा पुसत आणला आणि गवय्या विहिरीत एकटा बसल्यासारखा गायला लागला. तेव्हापासून मूळ फाइलला हात लावत नाही, टेपची सुसू असू दे.

मधे एका कॅसेटमधून टेबलावर टिकलीएवढा फेल्टचा तुकडा पडला, मी कचरा समजून झटकला. ती टेप हेडला दाबून धरणारी गादी होती, तिचा गोंद सुकलेला. मग एका नको असलेल्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिच्या खोक्यात ही रिळं बसवली. चिकटवून बंद केलेली खोकी असतात ती फोडावीच लागतात, तिथे माझी एक गेली.

सीड्यांचं काम पोरखेळ. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, ते दुसऱ्यांनी काढलेल्या कॉपीशी ताडून बघतं आणि बरोबर निघाली की नाही ते सांगतं. गंमत म्हणजे विकतच्या सीड्या ठणठणीत आणि घरी बर्न केलेल्या सातआठ मेलेल्या. त्यांच्याहून म्हाताऱ्या कॅसेटी मात्र वाजतायत.

खरा वेळ खातं ते नाव देणं. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते, त्याला इलाज नाही, पण ती वाजताना दुसरं काम होतं. गाणी तोडणं, टॅग भरणं याला समोर बसावंच लागतं. मी टॅग देवनागरीत भरले आणि जुन्या प्लेअरवर एमपीथ्रीच्या नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले, म्हणून फाइलचं नाव रोमनमध्ये, आतला टॅग देवनागरीत अशी तडजोड केलीये. इनले कार्डाचा (डबीतल्या छापील कागदाचा) फोटोही त्याच फोल्डरमध्ये. एका कॅसेटवर फक्त ‘मिक्स, चांगली’ एवढंच लिहिलंय, फाइलचं नावही तेच ठेवलं. तिच्या बी साइडचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात टेप संपल्यामुळे तुटतं, तेही तसंच.

उरल्या ३५, त्यातल्या चार जाम आहेत. आणि पहिल्या ३० परत करायच्यात. आज ७ नंबर लावलीये, स्क्रूड्रायव्हर शेजारीच आहे.